सोलापूर ते साखरतर: भरती-ओहोटीच्या हिशेबाने कांदळवनाचा अभ्यासदौरा

निघण्याआधी

देशावरून कोकणात कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, अभ्यासायला निघायचं तर गाडी ठरवण्याआधी पंचांग बघावं. नुसती सुट्टी बघून तारीख धरणारे गट निम्मा दिवस बांधावर बसून पाणी उतरायची वाट बघतात, आणि पाणी उतरतं तेव्हा दिवस मावळलेला असतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. एकादशीला अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. तिथून सव्वासहा तासांनी, अडीचच्या सुमारास, ओहोटी पूर्ण होते. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. नेमकी वेळ आणि उंची मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्यावी, आणि खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं हे धरून चालावं. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे एकादशी कधी हे कुणाला विचारावं लागत नाही, ही आपली सोय.

रत्नागिरीजवळच्या साखरतर खाडीसाठी आम्ही भाद्रपद वद्य दशमी ते अमावास्या असा काळ धरला. गौरी-गणपतीची गर्दी ओसरलेली असते, पाऊस मागे सरकू लागलेला असतो, कांदळाच्या शेंगा झाडावर अजून सापडतात, आणि शेवटी अमावास्येचं उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, मिळतं. एकादशी-द्वादशीला पाणी उधाणाइतकं खाली जात नाही. पण कांदळवनातली झाडं मुळात समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर, म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यातच वाढतात. त्यामुळे मध्यम ओहोटीलाही झाडांखालची जमीन उघडी पडते आणि काम होतं.

परवानगी ही दुसरी पायरी. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं वन म्हणून अधिसूचित झालेली आहेत. त्यामुळे पान तोडायचं, शेंग उचलायची किंवा गाळाचा नमुना घ्यायचा तरी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते. हा कक्ष २०१२ पासून काम करतो आहे. अर्जात खाडीचं नाव, किती नमुने, किती वजनाचे, कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार, हे सगळं लिहावं. मोघम अर्ज अडकून पडतात.

सामान: ५० मीटरची फीत, नायलॉनची दोरी, घेर मोजायची कापडी फीत, गवंड्याकडे असते तशी १५ मीटरची पारदर्शक लेव्हल नळी, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, ६० मिलिलिटरची सिरिंज, एका टोकाला बारीक भोकं पाडलेली पीव्हीसी नळी, एक मीटर लांबीचं अर्धगोल गाळ-नमुनायंत्र, झिपच्या पिशव्या, बर्फाची पेटी, बांबूच्या काठ्या, गेरू आणि शिसपेन्सिली. पेन नको. खाऱ्या चिखलात शाई तासाभरात पुसली जाते, पेन्सिलीचं अक्षर टिकतं. पायात गमबूट घालू नयेत. गाळ ते ओढून घेतो आणि पाय एकटाच वर येतो. घट्ट बसणारे, नाडीचे कॅनव्हासचे बूट बरे.

पहिला दिवस: दशमी, सोलापूर ते रत्नागिरी

रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूरवरूनच जातो, त्यामुळे वाट सरळ आहे: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहाटे निघालं तर संध्याकाळच्या उजेडात खाडी बघता येते.

या वाटेवर एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. सोलापूर जिल्ह्यातल्या कालव्याच्या भागातल्या शेतकऱ्याला क्षार नवे नाहीत. माती परीक्षणाच्या अहवालात क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारपड धरतात. समुद्राच्या पाण्याची हीच वाहकता ५० च्या आसपास असते. उसाला चार जड जातात, तिथे कांदळवनातली तिवर पन्नासात उभी राहते. हे तिला जमतं कारण तिची मुळं बहुतेक मीठ आत येतानाच अडवतात आणि जे आत येतं ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. कांदळ आणि झुंबर या तिच्या शेजारच्या झाडांकडे अशा ग्रंथी नाहीत; त्यांची सगळी भिस्त मुळांच्या गाळणीवर. खाडीकाठी कुठलं झाड कुठे टिकेल, याचं बरंचसं उत्तर या फरकात आहे.

कोल्हापूरला थांबायला सबळ कारण आहे. महाराष्ट्रातल्या कांदळवनांवरचं पायाभूत संशोधन समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात उभं राहिलं. डॉ. लीला भोसले यांनी राज्याच्या किनाऱ्यावरच्या कांदळवनांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत सोलापूरची महाविद्यालयंही याच विद्यापीठाला जोडलेली होती. समुद्र नाही म्हणून हा विषय आपला नाही, असं सोलापुरातल्या विद्यार्थ्याने म्हणायचं कारण नाही.

आंबा घाट उतरून रत्नागिरीत पोचल्यावर भाट्याच्या पुलावरून काजळी नदीचं मुख बघून घेतलं. उजेड असेपर्यंत एवढंच.

दुसरा दिवस: एकादशी, साखरतर खाडी

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडून पुढे गेलं की साखरतरची खाडी लागते. सकाळी भरती चढलेली असताना जंगलात जायचं नाही. तेवढ्यात काठावरून ओळख पक्की करायची. आपल्या किनाऱ्यावर खऱ्या कांदळवन वनस्पतींच्या वीसेक जाती आहेत, पण पहिल्या दिवशी सहा ओळखता आल्या तरी काम चालतं.

तिवर: पानं समोरासमोर, खालची बाजू राखाडी, आणि चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी बारीक श्वसनमुळं. चिप्पी: पान गोलसर, श्वसनमुळं जाड आणि शंकूसारखी निमुळती, फळाच्या बुडाशी चांदणीसारखा निदलपुंज टिकून राहिलेला. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. कांदळ: खोडातून कमानीसारखी उतरणारी आधारमुळं, पानाच्या टोकाला बारीक काटा, खालच्या बाजूला तपकिरी ठिपके. झुंबर: मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात. काजळा: झुडूप, पानं एकाआड एक, फळ लहान आणि शिंगासारखं वाकडं. हुरी: पानं गळण्याआधी लाल होतात, आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. म्हणून हुरीच्या झाडाला हात लावल्यावर तो हात डोळ्याकडे न्यायचा नाही, आणि नवख्यांच्या हातात इथे कोयता द्यायचा नाही.

दुपारी एकनंतर पाणी बरंच उतरलं तेव्हा छेदरेषा टाकली. दोरी खाडीच्या काठाला काटकोनात, पाण्याकडून जमिनीकडे ओढायची. काठाला समांतर टाकलेली रेषा एकाच पट्ट्यातून जाते आणि जंगलातला बदल दिसतच नाही. रेषेवर पाण्याजवळ, मध्यात आणि जमिनीच्या कडेला असे १० मीटर × १० मीटरचे चौकोन आखायचे. चौकोनात मोठ्या झाडांची मोजणी, त्याच्या एका कोपऱ्यात ५ × ५ मीटरमध्ये एक मीटरहून उंच पण बारीक रोपटी, आणि त्यात १ × १ मीटरमध्ये नवी उगवण. १०० चौरस मीटरच्या चौकोनात जितकी झाडं, त्याला शंभराने गुणलं की हेक्टरी संख्या.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. कांदळाला हा नियम लावला की घोटाळा होतो, कारण त्या उंचीला बऱ्याचदा खोड नसतंच, नुसती आधारमुळं असतात. कांदळाचा घेर सर्वांत वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर घ्यावा आणि वहीत उंची लिहून ठेवावी. तिवरीचं खोड १.३ मीटरच्या खालीच फुटलेलं असेल तर प्रत्येक फाटा वेगळा मोजायचा, पण झाड एकच धरायचं. घेराचा वर्ग भागिले १२.५७ म्हणजे खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ: ४० सेंटिमीटर घेराचं झाड ०.०१२७ चौरस मीटर देतं.

नवख्यांकडून सगळ्यात जास्त चुकतं ते पाऊल. श्वसनमुळं तुडवली की झाडाचा श्वास कोंडतो. दहा जणांचा गट चौकोनात शिरला तर मोजणी होते आणि नुकसानही होतं. चौकोनात दोघंच, बाकीचे दोरीबाहेर, एक जण वहीवर. पाय रुतला तर सरळ ओढायचा नाही. टाच हलवून, फिरवून बाजूने हवा जाऊ द्यायची, मग तो सुटतो.

संध्याकाळी छेदरेषेवर प्रत्येक चौकोनाशी बांबूची एकेक काठी ठोकली आणि तिला खालपासून वरपर्यंत गेरू फासला. पाणी जिथवर चढेल तिथवर गेरू धुऊन निघतो. एवढी साधी काठी भरतीची उंची नोंदवते, फक्त पावसाची सर यायला नको. म्हणून काठीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून टोपीसारखी उलटी बसवायची.

तिसरा दिवस: द्वादशी, पाणी, पातळी आणि गाळ

या दौऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. कांदळवन जगतं की मरतं ते तीन आकड्यांवर ठरतं: जमिनीची पातळी, पाणी किती वेळा चढतं, आणि मुळांपाशी क्षार किती.

पातळीसाठी महागडं यंत्र लागत नाही. लेव्हल नळीत रंगीत पाणी भरून हवेचे बुडबुडे टिचकी मारून बाहेर काढायचे. एक बुडबुडा राहिला तरी माप सेंटिमीटरने चुकतं. एक टोक खुणेच्या खुंट्याशी, दुसरं पुढच्या जागेशी. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की जमिनीपासूनची उंची वाचायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जमिनीतला फरक. लांबच्या अंतरासाठी आणखी सोपी युक्ती आहे. पूर्ण भरतीला पाणी काही मिनिटं थबकतं, तेव्हा खाडीचा छोट्या टप्प्यातला पृष्ठभाग जवळजवळ समपातळीत असतो. त्याच क्षणी सगळ्यांनी आपापल्या जागी पाण्याची खोली मोजायची. जिथे पाणी खोल, ती जमीन तेवढी खाली. यासाठी घड्याळं आदल्या रात्रीच जुळवून ठेवायला हवीत.

पाणी किती वेळा चढतं याची वर्गवारी १९२८ साली वॉटसन यांनी मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) कांदळवनांवरून केली आणि ती अजून वापरात आहे. महिन्यात ५६ ते ६२ वेळा, म्हणजे प्रत्येक भरतीला बुडणारी जागा पहिल्या वर्गात. ४५ ते ५९ वेळा दुसऱ्या. २० ते ४५ वेळा तिसऱ्या. २ ते २० वेळा, म्हणजे फक्त उधाणाला बुडणारी चौथ्या. आणि महिन्यात दोनदाही न बुडणारी पाचव्या. पहिल्या वर्गातल्या उघड्या गाळात क्वचितच झाड टिकतं. बहुतेक जंगल दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात असतं, हुरीसारखी झाडं चौथ्यात. गेरूच्या काठ्या आणि कोष्टकातली महिन्याभराची भरतीची उंची एकत्र मांडली की आपल्या चौकोनाचा वर्ग निघतो.

मुळांपाशी असलेल्या पाण्यासाठी भोकांची नळी ३० सेंटिमीटर खोल रोवायची, वरून आलेलं खाडीचं पाणी सिरिंजने दोनदा ओढून फेकायचं आणि तिसऱ्यांदा आलेलं पाणी घ्यायचं. दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर. आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य जुळवलं नाही तर दिवसभराची सगळी मोजणी सरकते. गढूळ पाण्यात रेषा पुसट दिसते, म्हणून थेंब फडक्यातून गाळून घ्यावा. समुद्राचं पाणी हजारी ३५ असतं. भाद्रपदात नदीच्या गोड्या पाण्यामुळे खाडीत आकडा त्याहून खाली येतो. पण जमिनीच्या कडेला, जिथे पाणी क्वचित चढतं आणि ऊन लागतं, तिथे उन्हाळ्यात तो समुद्राच्याही वर जातो.

मग गाळ. नमुनायंत्र उभं, सरळ, न हलवता खाली दाबायचं, फिरवायचं, बाहेर काढायचं. आतल्या नमुन्याची लांबी आणि जमिनीतल्या भोकाची खोली दोन्ही मोजायच्या. नमुना आखूड निघाला तर गाळ दाबला गेला आहे. तो टाकून पुन्हा घ्यायचा. ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ५० आणि ५० ते १०० सेंटिमीटर असे थर, प्रत्येक थराच्या मधून ५ सेंटिमीटरचा तुकडा. सुरी बाजूने फिरवून गुळगुळीत काप घ्यायचा, पिशवीतली हवा काढायची, बर्फात ठेवायचं. वरचा थर तपकिरी आणि खाली काळा, सडक्या अंड्याचा वास असलेला गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही. तिथे ऑक्सिजन नाही आणि जिवाणू सल्फेटवर जगतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. याच कारणाने पडलेलं पान आणि मेलेलं मूळ सावकाश कुजतं आणि कार्बन शतकानुशतकं साठून राहतो. हा काळा गाळ हातात घेऊन बघितला की कांदळवनाची खरी ठेव जमिनीखाली आहे हे कळतं, आणि खोदून कोलंबीचे तलाव करणं हा केवढा तोटा आहे हेही.

चौथा दिवस: त्रयोदशी, बांध आणि फसलेली लागवड

खाडीच्या आतल्या अंगाला कांदळाच्या लागवडीचा एक तुकडा बघितला. ओळीत खुंट्या उभ्या, रोपं बहुतेक गेलेली. मन कळवळतं, कारण कुणीतरी गुडघाभर गाळात उभं राहून ती लावलेली असतात. पण कारण समोर होतं. पाणी थबकलं तेव्हा इथे खोली मोजली तर ती शेजारच्या निरोगी जंगलातल्या सर्वांत खालच्या कांदळापेक्षा बरीच जास्त निघाली. म्हणजे जागा मुळातच पहिल्या वर्गातली. रोप जास्त वेळ बुडतं, पानांवर गाळ बसतो, खोडावर बार्नॅकल (चिकटून वाढणारे कवचाचे जीव) चढून ते वाकतं, जाळी ओढताना मोडतं. १.५ मीटर अंतराने हेक्टरी ४,४४४ रोपं लावा की दुप्पट लावा, पातळी चुकली तर आकडा उपयोगाचा नाही. फिलिपिन्समध्ये कोट्यवधी रोपं लावल्यावर दीर्घकाळ टिकलेली रोपं १० ते २० टक्केच निघाली, आणि मुख्य कारण हेच सांगितलं गेलं: जागा चुकीची, जात चुकीची. शिवाय उघडा गाळ ही पडीक जागा नसते. तिथे तिसऱ्या आणि खुबे हे खाण्याचे शंख-शिंपले वाढतात, गावातल्या बायका ते काढतात, हिवाळ्यात चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचं पोट तिथेच भरतं.

कांदळवन पुन्हा उभं करण्याचा फ्लोरिडातले अभ्यासक रॉबिन लुईस यांनी मांडलेला क्रम म्हणूनच आम्हाला पटतो. आधी इथली जात आणि तिची पातळी समजून घ्यायची. मग पाणी कसं येत-जात होतं आणि आता कुठे अडलं हे शोधायचं. मग अडथळा काढायचा. आणि बी आपोआप येत नसेल तरच रोप लावायचं. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. पहिल्या दिवशी रोप, फोटो, फलक. पातळी कुणी मोजत नाही.

अडथळा शोधायची रीत दुपारी एका रस्त्याच्या भरावापाशी करून बघितली. भरावाखाली एकच लहान पाइप, पलीकडे तिवरीचा एक अख्खा तुकडा एकदम वाळलेला. रोग एकेक झाड पकडतो. एकाच वेळी सगळा तुकडा वाळला तर कारण बहुधा पाण्यात असतं. भरावाच्या दोन्ही बाजूंना मोजपट्ट्या उभ्या करून एका भरतीभर दर दहा मिनिटांनी पाणी वाचायचं. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उशिरा आणि कमी चढत असेल, आणि उतरतानाही मागे राहत असेल, तर पाइप अपुरा आहे. अशा ठिकाणी पाणी साचून श्वसनमुळं बुडालेली राहतात, आणि उन्हाळ्यात तेच पाणी आटून मिठाचा थर उरतो. उपाय रोपांचा नाही: मोठी मोरी, आणि तिचा तळ नैसर्गिक ओहोळाच्या तळाइतका खाली. मोरी मोठी पण उंचावर बसवली तर आतलं पाणी पूर्ण निघतच नाही.

तमिळनाडूत पिचावरमला एम. एस. स्वामिनाथन प्रतिष्ठानने याच तत्त्वावर काम केलं. पूर्वीच्या सरसकट तोडीमुळे जमीन खचून मध्ये खळगे झाले होते, त्यांत पाणी साचून क्षार वाढले होते. माशाच्या काट्यासारखे कालवे खणून भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं केलं, तेव्हा लागवड टिकली. कालवे गाळाने भरतात, त्यामुळे ते अधूनमधून उपसायला लागतात. प्रस्ताव लिहिताना या उपशाचा खर्च धरला नाही तर काही वर्षांत सगळं काम वाया जातं.

खारभूमीचा प्रश्न आणखी अवघड आहे. खाडीकाठच्या भातशेतीला बांध आणि त्यात उघाडी असते. भरतीला तिची झडप दाबली जाऊन बंद होते, ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याने उघडते. झडप कुजली, बांध फुटला आणि दुरुस्ती लांबली की खारं पाणी शेतात येतं, शेत पडीक पडतं आणि तिवर स्वतःहून उगवते. एकदा ती उगवली की तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं आहे. निकाल योग्य आहे आणि तो हवाच. पण ज्याची भाताची जमीन गेली त्याच्याशी आधी बोलल्याशिवाय त्या बांधावर मोजपट्टी घेऊन जाऊ नये. सातबारा कुणाच्या नावावर आहे, बांध कधी फुटला, दुरुस्ती कुणाकडे होती, हे तीन प्रश्न पाहणीच्या वहीत पहिल्या पानावर हवेत.

पाचवा दिवस: चतुर्दशी, बी आणि रोपवाटिका

कांदळाची शेंग म्हणजे झाडावरच फुटलेला लांब अंकुर. तो पिकला की नाही हे वरच्या टोकाशी असलेल्या कड्यावरून कळतं: कडं पिवळसर झालं आणि शेंग हलक्या पिरगळण्याने हातात आली तर पक्व. ओढून काढलेली हिरवी शेंग रोपवाटिकेत सडते. खाली पडलेल्या ताज्या शेंगा चालतात, पण भोक पडलेली किंवा खेकड्याने कुरतडलेली शेंग बाजूला टाकावी. पिशवीत शेंगेचा खालचा एक तृतीयांश भाग गाळात रोवायचा, कोंब वर. उलटी रोवलेली शेंग फुकट जाते, आणि घाईत हे होतंच, म्हणून प्रत्येक वाफ्यावर एकाने फिरून बघावं.

तिवरीच्या बीला फक्त पातळ साल असते. रात्रभर खाडीच्या पाण्यात भिजवली की ती सुटते. सकाळी तीच बी रोवायची, साठवायची नाही. चिप्पीचं फळ मऊ होईपर्यंत पाण्यात कुजवून बारीक बिया धुऊन काढतात आणि वाफ्यात पेरून नंतर पिशवीत हलवतात. इथे घाई चालत नाही. चिप्पीचं लहान रोप भरतीत वाहून जातं.

रोपवाटिका भरतीचं पाणी येईल अशाच जागी हवी. गोड्या पाण्यावर, बंगल्याच्या आवारात वाढवलेलं रोप टवटवीत दिसतं आणि खाडीत लावल्यावर क्षाराच्या धक्क्याने मान टाकतं. रोप हलवण्याआधी त्याला लागवडीच्या जागेइतक्या क्षाराची सवय झालेली असावी. गुरं चरत असतील तर आधी कुंपण, मग लागवड. तिवरीचा पाला उंट-गुरांना आवडतो.

अमावास्या: काठ्या वाचणं आणि परत

आता पाण्याचं उधाण होतं. सकाळी साडेअकराच्या आसपास भरती, आणि पाणी उतरेपर्यंत दुपार. जमिनीच्या कडेच्या काठीपर्यंत पाणी पोचलं का, हे गेरूवरून वाचलं आणि खुंट्याच्या पातळीशी जोडलं. उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवसही चढतं असतं. ज्यांना थांबता येईल त्यांनी प्रतिपदाही धरावी. मग आंबा घाटाने परत. बर्फ कोल्हापुरात बदलला.

सोलापुरात: भट्टी आणि तराजू

गाळाचे तुकडे ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. १०५ अंशांवर घाई केली तर सेंद्रिय भागातलं काही जळतं. कोरडं वजन भागिले तुकड्याचं मूळ आकारमान म्हणजे घनता. शंखशिंपल्यांचे कण असतील तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघायचं. येत असेल तर कार्बोनेट आधी काढायला हवं, नाहीतर शिंपल्याचा कार्बन झाडाच्या खात्यात जमा होतो. मग ४५० अंशांच्या भट्टीत जाळून किती वजन घटलं ते. शेतीच्या मातीत सेंद्रिय पदार्थाच्या ०.५८ पट कार्बन धरायची सवय आहे. कांदळवनाच्या गाळात तो गुणक जास्त आकडा देतो. काही नमुने कार्बन विश्लेषकावर तपासून आपला गुणक बसवावा.

हेक्टरी कार्बन म्हणजे घनता × थराची जाडी सेंटिमीटरमध्ये × कार्बनचे टक्के, उत्तर टनांत. घनता ०.८, जाडी १५ आणि कार्बन ३ टक्के असेल तर ३६ टन, तेही फक्त वरच्या वीतभर थरात. आपल्या जिरायती काळ्या रानात सेंद्रिय कार्बन एक टक्क्याच्या आतच मिळतो, आणि खाली जाल तसा कमी होतो. खाडीच्या गाळात तो मीटरभर खोलीपर्यंत टिकतो. म्हणून चारही थर मोजायचे, नुसता वरचा नाही.

वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर दिलं आहे. उपग्रहाच्या त्या आकड्यात झाडोरा दिसतो. वाळू लागलेली तिवर, अडलेली मोरी, चुकलेली पातळी दिसत नाही. या नोंदी परवानगी देणाऱ्या कार्यालयाला आणि खाडीकाठच्या ग्रामपंचायतीला मराठीत, नकाशासह पाठवायच्या: कुठली मोरी खाली घ्यावी, कुठल्या तुकड्यात बी आपोआप येतं आहे आणि तिथे कुणी रोप लावू नये, कुठे खरोखर लागवड हवी.

गेरूच्या काठ्या काढून आणल्या, पण पातळीचे खुंटे परवानगीने तिथेच ठेवले आहेत. माघात नदीचं गोडं पाणी सरल्यावर क्षारता पुन्हा मोजायची, आणि वैशाखात आणखी एकदा. लागवडीची जागा आणि जात ठरवताना वैशाखातला आकडा धरायचा, भाद्रपदातला नाही.